सिनेमा बघून आल्यावर वहीत काय लिहायचं आणि कसं

थेटरातून बाहेर पडताना किंवा रात्री घरी लॅपटॉप बंद करताना आपण पहिलं वाक्य काय बोलतो ते जरा आठवून बघा. "मस्त होता", "जरा स्लो आहे पण", "शेवट नाय झेपला". झालं. आठ दिवसांनी कुणी विचारलं की नक्की काय आवडलं तर आपण स्टोरी सांगायला लागतो, तीपण अर्धीमुर्धी, आणि मधेच "अरे तो नाही का, तो कोण तो" यात अडकतो. मला याचं खरंच वाईट वाटायचं. काही सिनेमे आतून ढवळून काढतात, रात्री झोप लागत नाही, सकाळी पोळ्या लाटताना पण तेच डोक्यात, आणि तरी महिन्याभरात सगळं पुसलं जातं.

म्हणून गेली दहा-बारा वर्षं मी एक वही ठेवते. त्यात रिव्ह्यू नाहीत, स्टार नाहीत, कुणाला दाखवायची पण नाही. मैत्रिणी विचारतात की तू नक्की लिहितेस काय आणि लिहितेस कसं, आम्हाला तर पेन हातात घेतलं की स्टोरीच सुचते. तर आज सगळं सविस्तर लिहिते, जेवढं मला जमलंय तेवढं.

आधी वहीचं. साधी दोनशे पानी, रेघांची, मुलांच्या शाळेला आणतो ती. मोबाइलमध्ये नको असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मोबाइल हातात घेतला की नोट्स उघडायच्या आधी व्हॉट्सॅप उघडतं, आणि दुसरं म्हणजे लगेच त्या सिनेमाबद्दल सर्च करावंसं वाटतं. तेच करायचं नाहीये. सगळ्यात कडक नियम हाच, दुसऱ्या कुणाचं काहीही वाचायच्या, ऐकायच्या आत आपलं लिहायचं. नवऱ्याबरोबर गेलात तर रिक्षात पण चर्चा नको, घरी येऊन दहा मिनिटं लिहा आणि मग बोला हवं तेवढं. एकदा कुणाचं तरी छान वाक्य कानावर पडलं ना की आपलं अर्धवट उगवलेलं वाक्य तिथेच सुकतं, आणि आपल्याला वाटत राहतं की हो हो मला पण हेच म्हणायचं होतं. नसतं म्हणायचं, पण ते नंतर कळत नाही.

माझंच सांगते. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' एप्रिल 2015 मध्ये थेटरात लागला तेव्हा मी जायच्या आधीच सगळं वाचून गेले होते, व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलला 2014 मध्ये बक्षीस मिळालं, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, वगैरे. घरी येऊन वहीत लिहिलं, "वास्तववादी, संयत, व्यवस्थेवर भाष्य करणारा". आज ते पान उघडलं की एकही शब्द माझा वाटत नाही. पेपरात आलेलं मी पुन्हा उतरवून काढलं होतं. नशीब की त्याच्या खाली दोन ओळी अजून होत्या, त्यांच्याकडे नंतर येते.

तर मग लिहायचं काय? एक सीन. फक्त एक. सिनेमा संपल्यावर डोळे मिटले की जो पहिल्यांदा समोर येतो तो. तो महत्त्वाचा असायला पाहिजे असं काही नाही, बऱ्याचदा अगदी फालतू वाटणारा असतो, कुणीतरी चहा गाळतंय, कुणीतरी खुर्ची सरकवतंय. तोच घ्यायचा, आपल्याला तोच का आठवला याची काळजी आत्ता करायची नाही. आणि लिहिताना फक्त जे दिसलं आणि जे ऐकू आलं तेवढंच. कोण कुठे बसलंय, हातात काय आहे, उजेड कुठून येतोय, मागे आवाज कसला आहे, कॅमेरा जवळ आहे की लांब. सुंदर, भेदक, हृदयस्पर्शी असले शब्द आले की खोडायचे. सुरुवातीला हे फार कोरडं वाटेल, पंचनामा लिहितोय असं वाटेल, वाटू दे. मला अनुभव असा की पंचनामा नीट झाला की भावना आपोआप मागून येते, आणि आधी भावना लिहिली की सीन कायमचा निसटतो.

'कोर्ट'च्या त्या पानावर खाली ज्या दोन ओळी होत्या त्या अशा: "सगळे निघून गेले. दिवे बंद केले. अंधार. मला वाटलं संपला, पायाने चप्पल शोधली. संपला नाही."

या दोन ओळींवर मी अख्खं तासभर बोलू शकते, आणि वर लिहिलेल्या त्या भारी शब्दांवर एक मिनिट नाही. कारण खरंच तसं होतं. एका म्हाताऱ्या लोकशाहिराची केस चालू आहे, वीरा साथीदारांनी केलेला नारायण कांबळे, आरोप काय तर त्याच्या गाण्यामुळे एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. तारखांवर तारखा पडतात, शेवटी जामीन नाकारला जातो, आणि कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. खोली रिकामी होते, दिवे मालवतात, पडदा काळा होतो आणि बराच वेळ काळाच राहतो. कुठलाही दुसरा सिनेमा तिथे संपला असता. हा तिथून उठतो आणि त्या जज्जसाहेबांबरोबर फॅमिली ट्रिपला जातो, रिसॉर्टवर. तिथे ते कुणालातरी मुलाच्या नावावरून न्यूमरॉलॉजीचा सल्ला देतात, मग दुपारी बाकावर डुलकी लागते, पोरं हळूच येऊन ओरडतात, सगळी पळतात, आणि जो हाताला लागतो त्याला थप्पड बसते. तो रडतो. साहेब परत डोळे मिटतात.

आता दुसरी पायरी. हाच सीन का चिकटला? इथे बहुतेक जण चुकतात, मी पण वर्षानुवर्षं चुकले, कारण शाळेत आपल्याला सवय लावलेली असते, "कवीला काय सुचवायचे आहे ते तुमच्या शब्दांत लिहा". मग आपण दिग्दर्शकाला काय सुचवायचं आहे ते शोधत बसतो. तो प्रश्न सोडून द्या. त्याच्याऐवजी असं विचारा, हे मी आधी कुठे पाहिलंय? सिनेमात नाही, आयुष्यात. कुठल्या घरात, कुठल्या माणसाजवळ, किती वर्षांची असताना? जे पहिलं येईल ते लिहा, कितीही लांबचं असलं तरी.

मला आले आमचे अण्णा. बांधाचा वाद होता चुलत्यांबरोबर, तालुक्याच्या कोर्टात. मी सातवी-आठवीत असेन, सुट्टी होती म्हणून बरोबर नेलं होतं. बाहेर लिंबाच्या झाडाखाली टायपिंगवाले बसलेले, आईने दिलेला डबा आम्ही तिथेच खाल्ला, मेथीची भाजी आणि भाकरी. साडेदहापासून चारपर्यंत बसलो आणि मग आतून कुणीतरी फक्त पुढची तारीख सांगितली. अण्णा "बरं" म्हणाले. परत येताना एसटीत काही बोलले नाहीत. आणि मला जे आठवलं ते म्हणजे त्यांचा शर्ट, पांढरा, कडक इस्त्रीचा, दर तारखेला आदल्या रात्री आई तो तांब्यात निखारे घालून इस्त्री करायची. संध्याकाळपर्यंत तो पाठीवर पार चुरगळलेला असायचा. वीस-पंचवीस वर्षांत मला त्या शर्टाची आठवण झाली नव्हती. त्या अंधारात झाली.

आता कुणी म्हणेल याचा सिनेमाशी काय संबंध, अण्णांची केस वेगळी, त्या शाहिराची वेगळी. बरोबर आहे. पण मी त्या सिनेमाबद्दल जे काही खरं बोलू शकते ते त्या शर्टातूनच. कोर्टात माणसाचा वेळ कसा जातो, कुणाचा जातो आणि कुणाला सुट्टी मिळते, हे मला भाष्य म्हणून कळलं नाही, चुरगळलेल्या पाठीवरून कळलं.

पण इथे एक मोठा खड्डा आहे आणि त्याबद्दल मला जरा नीट लिहायचंय. आपलं आयुष्य जोडायचं याचा अर्थ पडद्यावरचं प्रत्येक दुःख उचलून "हे माझंच" म्हणायचं असा नाही. नागराज मंजुळेंचा 'फँड्री' बघून आल्यावर मी असंच केलं होतं. मला पण शाळेत कुणीतरी हसलं होतं, मला पण परकं वाटलं होतं, असं पानभर लिहिलं, आणि लिहिताना बरं पण वाटलं. दुसऱ्या दिवशी वाचलं तर ते सगळं खोटं वाटायला लागलं. सिनेमातल्या जब्या नावाच्या पोराला जे सोसावं लागतं ते त्याच्या जातीमुळे, ते मला कधीच सोसावं लागलेलं नाही. मग मी सीनकडे परत गेले, पंचनामा परत केला. डुकराच्या मागे अख्खं कुटुंब धावतंय, आई, बाप, बहिणी, लाज वाटून लपणारा जब्या. गाव जमलंय, पोरं हसतायत. शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि जब्या जागच्या जागी उभा राहतो, मग बाकीचे पण थांबतात. आणि थेटरात? थेटरात पण लोक हसत होते त्या पळापळीला. माझ्या शेजारचे हसत होते. मी हसले होते.

हे एवढं वाक्य, "मी हसले होते", लिहायला मला तीन दिवस लागले. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्याकडे येतो ना, तेव्हा पहिल्यांदा मला राग आला होता, मी काय केलंय असं वाटलं होतं, आणि ते पण मी लिहून ठेवलं होतं. आता दोन्ही वाक्यं एकाखाली एक आहेत. म्हणून सांगते, "हे मी आधी कुठे पाहिलंय" याच्या बरोबरीने दुसरा प्रश्न पण विचारायचाच, "या सीनमध्ये मी असते तर कुठे उभी असते?" उत्तर दरवेळी हिरोच्या शेजारी येत असेल तर थोडं थांबा, पुन्हा बघा.

याच्याच जोडीला, जे पटलं नाही ते पण लिहा. मोठ्या सिनेमाबद्दल वाईट लिहायला आपण घाबरतो, आपल्यालाच कळलं नसेल असं वाटतं. कंटाळा आला असेल तर कुठल्या मिनिटाला आला ते लिहा, त्या वेळी पडद्यावर काय चाललं होतं ते लिहा. मला जिथे कंटाळा आला तिथेच बऱ्याचदा नंतर काहीतरी सापडलंय, आणि काही वेळा नाही सापडलं, तो सीन खरंच लांबलेला होता. दोन्ही चालतं.

तांत्रिक बाजू कळत नाही म्हणून अडू नका. मला लेन्स-बिन्स काही समजत नाही. मी तीनच गोष्टी बघते, कॅमेरा हलतो की थांबतो, गाणं-म्युझिक नसताना काय ऐकू येतं, आणि सिनेमा कुठे संपतो किंवा कुठे संपायला हवा होता पण संपत नाही. शेवटची गोष्ट फार कामाची आहे. अकिरा कुरोसावांचा 1952 चा 'इकिरू' घ्या, जपानी, ब्लॅक अँड व्हाइट, जवळजवळ अडीच तासांचा. सुरुवातच एका पोटाच्या एक्सरेने होते. वातानाबे नावाचा सरकारी ऑफिसातला साहेब, तीस वर्षं एकही दिवस रजा नाही, शिक्के मारत बसलेला, त्याला कॅन्सर आहे. वस्तीतल्या बायका घाण पाण्याचं डबकं बुजवून मुलांसाठी बाग करा म्हणून अर्ज घेऊन येतात आणि त्यांना या टेबलावरून त्या टेबलावर फिरवलं जातं. पुढे तोच माणूस ती बाग करायची ठरवतो, आणि तुम्ही बघायला सरसावून बसता तर तो मेलेलाच असतो, अजून एवढा मोठा सिनेमा शिल्लक! उरलेला सगळा वेळ त्याच्या दुखवट्याला जमलेले ऑफिसचे लोक साके पीत वाद घालतात की बागेचं श्रेय कुणाचं. मधे मधे तो आठवणींतून दिसतो, बर्फात झोपाळ्यावर बसून हळू आवाजात गाणं म्हणणारा. रात्री सगळे रडून शपथा घेतात की आता आपण पण असंच काम करायचं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पुन्हा तेच, अर्ज दुसऱ्या टेबलावर. एक जण खुर्ची मागे सारून ताडकन उठतो, सगळे त्याच्याकडे बघतात, आणि तो हळूच परत खाली बसतो.

लोकांना झोपाळा आठवतो. मला ती खुर्ची आठवते, कारण मी स्वतः टेबलावर बसते. अर्ज घेणं, तपासणं, पुढे पाठवणं, हेच काम. त्या रात्री वहीत मी सिनेमाबद्दल दोनच ओळी लिहिल्या आणि तिसरी अशी, "निळ्या लुगड्यातल्या आजी तिसऱ्यांदा आल्या. मला त्यांचा अर्ज नंबर पाठ आहे, नाव माहीत नाही." नाव दुसऱ्या दिवशी फाइल काढून बघितलं आणि तिथेच समासात लिहून ठेवलं.

काही वेळा मात्र काहीच सुचत नाही. सिनेमा मोठा असतो, तुम्ही थकलेल्या असता, सकाळी डबे करायचे असतात. अशा वेळी ओढूनताणून लिहू नका, तारीख, कुठे पाहिला, कुणाबरोबर, आणि एक शब्द, एवढं पुरे. "पाऊस", "तिची वेणी", असं काहीही. एक शब्द असला तरी सहा महिन्यांनी त्याला धरून आत जाता येतं, कोरं पान असेल तर नाही जाता येत.

आणि उजवं पान मोकळं सोडा. ही माझी सगळ्यात आवडती पायरी आहे. डाव्या पानावर पहिल्यांदा पाहिल्यावर लिहायचं, उजवं पान दुसऱ्यांदा पाहाल तेव्हासाठी, वर्षाने, पाच वर्षांनी, कधी पण. जुनं खोडायचं नाही, दुरुस्त पण करायचं नाही, कितीही चुकीचं वाटलं तरी. 'कोर्ट' पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला त्या सरकारी वकीलबाईंचा, गीतांजली कुलकर्णींनी केलेल्या, भयंकर राग आला होता. जुन्या-जुन्या कायद्यांची कलमं सपाट आवाजात वाचत जाणाऱ्या. डाव्या पानावर लिहिलंय, "दगड आहे ही बाई". चार वर्षांनी परत पाहिला तोवर मला मुलगी झालेली, पाळणाघराची वेळ गाठायची धावपळ चालू. आणि या वेळी मी त्यांना लोकलमध्ये पाहिलं, शेजारच्या बाईशी ऑलिव्ह ऑइलबद्दल बोलताना, पोराला घेऊन घरी येताना, आल्या आल्या स्वयंपाकाला लागताना. उजव्या पानावर लिहिलंय, "ती पण साडेसहाची लोकल पकडते. म्हणून जास्त भीती वाटली." दोन्ही पानं शेजारी शेजारी वाचली की कळतं, सिनेमा तोच आहे, मधल्या चार वर्षांत मी किती सरकले. हे दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने मला कळलं नसतं.

एकट्याने नाही जमत असं वाटणाऱ्यांसाठी, फिल्म सोसायटी बघा. मुंबईत प्रभात चित्र मंडळ 1968 पासून आहे, पुण्यात लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्ह आहे, लहान शहरांत पण कुठे ना कुठे दहा-वीस जण एकत्र बसून बघत असतात. पण तिथे पण लिहायची दहा मिनिटं आधी, चर्चा नंतर, हे सोडू नका. चर्चेत जो जास्त बोलतो त्याचा सिनेमा सगळ्यांचा होऊन बसतो.

घरातल्यांचं पण लिहा, आणि त्यांच्याच शब्दांत. हे मला आईने शिकवलं, म्हणजे तिला माहीत नसताना. 'श्वास' 2004 चा, 'श्यामची आई'नंतर इतक्या वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळालं ते त्याला. आम्ही तो खूप उशिरा एकत्र बघितला, टीव्हीवर, दुपारी. कोकणातला लहान मुलगा, डोळ्याचा कॅन्सर, ऑपरेशन केलं तर जीव वाचेल पण दिसणार नाही, आणि डॉक्टर म्हणतात हे मुलाला आधी सांगायला पाहिजे. ते सांगायचं आजोबांना होत नाही. आई पूर्ण वेळ काही बोलली नाही. संपल्यावर उठून चहा टाकायला गेली. मी तिला "कसा वाटला" विचारलं तर म्हणाली "चांगला होता", बस.

तीन दिवसांनी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. एकदम म्हणाली, "त्याला सांगितलं तरी." मला आधी कळेचना कशाबद्दल. मग म्हणाली, "आमचे दादा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची. मला मामाकडे पाठवलं, आंबे खायला म्हणून. परत आले तर खाट रिकामी." बोलताना हात थांबला नाही, पानं एका बाजूला, काड्या एका बाजूला.

मी वही आणली आणि तिच्यासमोर बसून जसंच्या तसं लिहिलं, एक शब्द पण सुधारला नाही, आंबे, खाट, सगळं. खाली तारीख घातली आणि तिला वाचून दाखवलं. तिने नीट ऐकलं, पदराला हात पुसले, आणि म्हणाली, "पायरी लिही. पायरी आंबे होते."

ते पण लिहिलं.